माशांच्या साइटसाठी हातानं बटणं करतोय, ८८ बाय ३१ मध्ये देवनागरी अक्षरं कशी बसवायची?

रापणकाठ (मालवण)

नमस्कार मंडळी. मी आमच्याकडच्या माशांवर एक छोटी साइट करतोय, धंद्याची नाही, स्वतःची. कुठला मासा कधी मिळतो, बाजारात ताजा कसा ओळखायचा, आमची आई त्याचं काय करते, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) कशी ओढतात, हे सगळं मराठीत लिहून ठेवायचंय, कारण आता इसवण म्हटलं की पुढची पोरं विचारतात म्हणजे काय, त्यांना सुरमईच माहीत, आणि सरंगा म्हणजे पापलेट हेही सांगावं लागतं. पानं साध्या एचटीएमएलमध्ये लिहिलीत, ते जमलंय. पावसातली मासेमारीची बंदी आहे, होड्या वर ओढलेल्या आहेत, त्यामुळे बसायला वेळ पण आहे.

अडलंय ते बटणांवर. मला दोन प्रकारची हवीत. एक म्हणजे साइटच्या आतली, विभागांना जायची: बांगडा, सरंगा, इसवण, मोरी (शार्क), घोळ, कुर्ल्या (खेकडे), रापण. दुसरं एकच, दुसऱ्यांनी त्यांच्या साइटवर लावायचं, ते ८८ बाय ३१ पिक्सेलवालं, जे जुन्या साइटच्या तळाला ओळीनं असतात तसं. मासे मी कागदावर वॉटरकलरनं काढलेत, चांगले आलेत, स्कॅन करून लहान केले की नुसता डाग दिसतो. आणि अक्षरांचं तर विचारूच नका, कुर्ल्या लिहिलं की वरचा रफार जातो नाहीतर खालचा उकार, फॉन्ट अजून बारका केला की शिरोरेषेखाली काळा पट्टा राहतो फक्त. मोबाइलवर बघितलं की अजूनच धूसर.

तर विचारायचं असं की हे लोक एवढ्याशा जागेत एवढं स्वच्छ कसं काढतात, गिफ करू की पीएनजी, आणि देवनागरीला काही उपाय आहे का की इंग्रजीतच लिहावं लागेल? इंग्रजीत लिहायची माझी अजिबात इच्छा नाहीये. कॉम्प्युटर जुना आहे, विकतचं सॉफ्टवेअर नको.

---

पिक्सेलवाली (रत्नागिरी)

इंग्रजीत लिहायची काही गरज नाही, देवनागरी बसते, फक्त फॉन्टवर सोडून देता येत नाही.

आधी चित्राचं सांगते. मोठं चित्र लहान करू नकोस, बटण पहिल्यापासून ८८ बाय ३१ मध्येच काढ. एकूण २७२८ पिक्सेल होतात, बस. तुझं स्कॅन समजा १३०० पिक्सेल रुंद आहे, ते ८८ वर आणलं की आडवे जवळजवळ १५ आणि उभे तेवढेच पिक्सेल मिळून एक पिक्सेल होतो, आणि सॉफ्टवेअर त्या सगळ्या रंगांची सरासरी काढतं. कल्ल्याजवळची बारीक काळी रेघ होती ती आजूबाजूच्या रुपेरी रंगात मिसळून राखाडी होते, डोळ्याचा ठिपका जातो, आणि तो डाग दिसतो तुला. तुझं वॉटरकलर वाया नाही गेलं, ते आतल्या पानावर मोठं लाव. बटणासाठी ते बाजूला ठेवून बघून बघून काढ.

सॉफ्टवेअर: ब्राउझरमध्ये पिस्केल उघड, फुकट आहे, कॅनव्हासचं माप बदलून ८८ बाय ३१ कर. इन्स्टॉल करायचं असेल तर लिब्रेस्प्राइट, जुन्या मशीनवर पण चालतं. गिम्प आधीच असेल तर तेही पुरतं, पण ब्रश घ्यायचा नाही, पेन्सिल घ्यायची, ब्रशच्या कडा मऊ असतात. झूम ८०० टक्के ठेव आणि शेजारी त्याच फाइलची दुसरी खिडकी १०० टक्क्यावर उघडी ठेव, कारण मोठं करून सुंदर दिसणारी गोष्ट खऱ्या मापात ओळखूच येत नाही असं सतत होतं. मी तर काढताना अर्धा वेळ लहान खिडकीकडेच बघत असते.

माप कुठून आलं तेही सांगते कारण त्यावरून ठरतं की कुठे पाळायचं. नव्वदच्या दशकात नेटस्केप ब्राउझरचं "नेटस्केप नाऊ" बटण याच मापाचं होतं, जिओसिटीजवरच्या घरगुती पानांच्या तळाला अशी बटणं ओळीनं असायची, १९९६ मध्ये वेबवरच्या जाहिरातींची जी आठ मापं ठरवली गेली त्यात पण हे होतं. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं पण माप टिकलं, २०१३ मध्ये निओसिटीज ही तशीच घरगुती पानांची जागा आल्यावर तिथल्या लोकांनी परत उचललं. म्हणजे हे माप ओळीत बसण्यासाठी आहे. दुसऱ्याला द्यायचं बटण अगदी ८८ बाय ३१ च हवं, एक पिक्सेल पण इकडेतिकडे नको. आतल्या बटणांना असलं काही बंधन नाही, ती तू ११० बाय ४० केलीस तरी कोणी विचारणार नाही.

उठाव आणायचा असेल तर उजेड डावीकडून वरून येतोय असं धरायचं. वरची आणि डावी कड एक पिक्सेल उजळ, खालची आणि उजवी कड एक पिक्सेल गडद, बाहेरून पाहिजे तर अजून एक पिक्सेलची काळी चौकट. दाबलेलं बटण दाखवायचं असेल तर हेच उलटं करायचं आणि आतलं सगळं एक पिक्सेल खाली आणि एक पिक्सेल उजवीकडे सरकवायचं. ते जुनं राखाडी बटण म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही १९२, पण तुला राखाडी कशाला, आपल्याकडच्या होड्यांचा निळा नाहीतर हिरवा घे की.

आता अक्षरं. इथे खरी मेहनत आहे. ३१ पिक्सेल उंचीतले वर-खाली चौकट आणि उठावाचे दोन-दोन गेले की २७ राहतात, थोडी मोकळी जागा सोडली की २४ धर. मराठी शब्दाला चार मजले लागतात: वर वेलांटी, मात्रा, रफार यांची जागा, मग शिरोरेषा, मग अक्षराचं अंग, मग खाली उकार. मी वाटणी अशी करते, वर ४, शिरोरेषा २, अंग ११, खाली ५, झाले २२. तुझं कुर्ल्या यात बसतं, एका ओळीत. दोन ओळी करायला गेलास की प्रत्येक ओळीला १२ पिक्सेल येतात, त्यात अंगाला ५ राहतात आणि ५ पिक्सेलमध्ये "ण" चं पोट आणि दांडे वेगळे दाखवताच येत नाहीत. म्हणून दोन ओळी नको.

रापण शब्द मात्र तुझ्या नशिबानं चांगला आहे, वर काही नाही, खाली काही नाही. तिथे अंगाला १६-१७ पिक्सेल दे, ऐटीत बसेल. शब्द निवडायची मुभा असेल तेव्हा हे बघायचं, "मुख्य पान" लिहिण्यापेक्षा "घर" लिहिलं तर उकार पण वाचतो आणि जोडाक्षर पण वाचतं.

काढायची पद्धत: मुक्ता किंवा बालू असा जाड, मोकळ्या पोटाचा फॉन्ट घे, हवा तो शब्द साधारण मापात टाइप कर, त्या थराची अपारदर्शकता ३० टक्क्यावर आण, वर नवीन थर घेऊन पेन्सिलनं गिरव. गिरवताना फॉन्टचं सगळं ऐकायचं नाही. उभे दांडे सगळे सारख्या जाडीचे ठेव, दोन पिक्सेल. अक्षराच्या आतलं पांढरं, म्हणजे पोट, कमीत कमी दोन पिक्सेल, एक ठेवलंस तर लांबून बुजतं. तिरकी रेघ जिथे येते, "र" चा पाय किंवा "ल" चा वळसा, तिथे एक-एक पिक्सेलच्या पायऱ्या नियमित पडल्या पाहिजेत, एक मग दोन मग परत एक असं झालं की रेघ मोडलेली दिसते.

आणि घोळ लिहिताना जप. घ आणि ध मध्ये फरक काय, शिरोरेषा अखंड की तुटकी आणि वरचं वळण, बस. बारक्या मापात शिरोरेषेत चुकून एक पिक्सेल मोकळा राहिला की घोळचा धोळ होतो. भ आणि म चं पण तसंच. उलट जिथे तुटकच हवी तिथे दोन पिक्सेलची फट ठेव, एकानं कळत नाही.

युनिफॉन्ट नावाचा एक ठिपक्यांचा फॉन्ट आहे, १६ पिक्सेलचा, त्यात देवनागरी आहे, पण जोडाक्षरं जुळत नाहीत, पाय मोडलेली सुटी अक्षरं येतात. एकेक अक्षराचा सांगाडा बघायला बरा आहे, शब्द लिहायला नाही.

---

चितारआळी (सावंतवाडी)

ताईंनी अक्षरांचं छान सांगितलं, मी चित्राबद्दल थोडं बोलतो. सावंतवाडीला कधी राजवाड्यात जाऊन गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते, नीट बघितल्यास का? नसशील तर जा, मालवणहून काही लांब नाही, आणि तुझ्या कामाला त्याच्याएवढा चांगला धडा दुसरीकडे मिळणार नाही. राणी सत्वशीलादेवींनी ही कला तिथे परत उभी केली, अजूनही कारागीर बसून काढतात.

दशावतारी गंजिफात दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पानं, राजा, प्रधान आणि एक ते दहा, एकूण १२०. पानं गोल, हातात मावतील एवढी. पहिला रंग मत्स्याचा, त्याची खूण मासा. म्हणजे एक्क्यावर एक मासा, आणि दश्शीवर तेवढ्याच गोलात दहा मासे. ते दहा मासे जवळून बघ. ब्रशच्या मोजक्या फटकाऱ्यांत मासा उभा केलेला असतो, अंगाचा आकार, शेपटीची फट, डोळा. खवले एकेक काढत बसलेले नसतात. तरी कोणी म्हणणार नाही की हा मासा नाही. तुला २४ पिक्सेलमध्ये हेच करायचंय.

दुसरं म्हणजे प्रत्येक रंगाची जमीन वेगळी असते, म्हणजे पानाचा मागचा रंग. खेळणारा खूण बघायच्या आधी जमिनीवरून रंग ओळखतो. तू प्रत्येक विभागाच्या बटणाला स्वतःची जमीन दे. बांगड्याला एक, मोरीला एक, कुर्ल्यांना तांबडी, रापणीला वाळूची. मग लोकांना वाचायच्या आधीच कळेल कुठे जायचं. सगळ्या बटणांना समुद्राचा तोच निळा देऊ नकोस, माशांच्या साइटवर सगळे तेच करतात.

फक्त एक, जमीन आणि मासा यांत उजेड-अंधाराचा फरक असू दे. निळ्यावर हिरवा मासा रंगात वेगळा दिसतो, पण चित्र काळं-पांढरं करून बघ, दोन्ही एकच राखाडी झाले तर आकार हरवला. मी लाकडाची खेळणी, पाट, फळं रंगवतो तेव्हा पण फोटो काढून मोबाइलमध्ये काळा-पांढरा करून बघतो.

---

वेंगुर्लेकर

अरे बांगडो काढतस तर पट्टे नीट काढ हां. नेटावर बरेच चित्रां बघितलंय, बांगड्याक उभे पट्टे काढून ठेवतत, माका राग येता.

बाकीच्यांसाठी साध्या मराठीत लिहितो. बांगड्याच्या पाठीवर रेघा असतात त्या लांबीच्या दिशेनं, डोक्याकडून शेपटीकडे, तुटक तुटक. उभे पट्टे असतात इसवणीला, अंगभर, थोडे वाकडे. एवढ्या लहान चित्रात पट्ट्याची दिशा हीच ओळख आहे, ती चुकली तर बांगड्याच्या बटणावर इसवण काढल्यासारखं होईल आणि आपल्याकडचा माणूस लगेच बोट ठेवेल.

बांगडा आडवा काढलास तर ८८ बाय ३१ मध्ये एकदम बरोबर बसतो, त्याचं अंग तसंही लांबट आहे. अक्षरांना जागा सोडून तुला ३०-३२ पिक्सेल लांबी मिळेल, उंची ९-१० ठेव. पाठ निळसर हिरवी, त्यावर एक सोडून एक असे गडद ठिपके दोन ओळींत. मधला भाग रुपेरी, म्हणजे फिकट राखाडी, पोट पांढरं. शेपटीच्या अलीकडे वर आणि खाली छोटे छोटे सुटे पर असतात, पाच वर पाच खाली, ते एक पिक्सेल भरलेला एक मोकळा असे काढ, जागा नसेल तर तीन काढ पण काढ, त्यानंच बांगडा वाटतो. शेपूट खोल दुभंगलेली. डोळा मोठा, दोन बाय दोन, आणि त्यात एक पांढरा पिक्सेल टाकलास की मासा ताजा दिसतो. मासा शिळा झाला की डोळा आधी जातो हे तुला सांगायला नको.

सरंग्याला लांबी देऊ नको, तो जवळजवळ चौकोन कोपऱ्यावर उभा केल्यासारखा, २२ बाय २० मध्ये बसव, वरचा आणि खालचा पर मागे झुकलेला, बास. मोरीला तर नुसता पाठीवरचा त्रिकोणी पर आणि वरचा फाटा मोठा असलेली शेपूट दाखवलीस तरी पुरे.

---

खडपाकडून (देवगड)

थोडं वेगळं मत मांडतो, वाईट वाटून घेऊ नका. माझी मावशी दृष्टिहीन आहे, मोबाइल ऐकून वापरते, मासळी हा तिचा अगदी जिव्हाळ्याचा विषय. अशी साइट तिला ऐकायला मिळाली तर ती सगळी ऐकेल. पण बटणाच्या चित्रातलं अक्षर तिच्या मोबाइलला वाचता येत नाही, ते कितीही सुंदर गिरवलेलं असलं तरी. इमेज टॅगमध्ये ऑल्ट, म्हणजे चित्राऐवजी वाचून दाखवायचा मजकूर, लिहिलेला नसेल तर कित्येकदा फाइलचं नावच वाचून दाखवतं, बी टी एन झिरो थ्री असं काहीतरी, आणि तिला कळत नाही हे कुठे नेणार.

म्हणून माझं म्हणणं, आतल्या विभागांच्या बटणांत अक्षरं चित्रात काढूच नका. चौकट, उठाव, मासा हे चित्र ठेवा आणि शब्द खरा टाइप केलेला ठेवा, सीएसएसनं (पानाचं रूप ठरवणारी भाषा) वर बसवलेला. सीएसएसमध्ये बॉर्डर-इमेज म्हणून आहे, त्यात एकच लहान चौकटीचं चित्र द्यायचं, कोपरे आहेत तसे राहतात, मधल्या कडा ताणल्या जातात किंवा परत परत लागतात. मग "घोळ" चं बटण अरुंद आणि "कुर्ल्या" चं रुंद, दोन्ही एकाच चित्रातून होतात. उद्या कोणी मोबाइलवर अक्षर मोठं केलं तरी बटण वाढतं. आणि नवीन विभाग काढलात, समजा तिसऱ्यांचा (शिंपल्यांचा), तर परत पिक्सेल गिरवत बसायला नको, फक्त शब्द टाइप करायचा. दाबल्यावर सरकणं पण सीएसएसमध्येच, ॲक्टिव्ह असताना एक पिक्सेल खाली ढकलायचं, दुसरं चित्र लागत नाही. आणि ही सगळी दुसऱ्या पानावर नेणारी आहेत तर त्यांना दुवा म्हणजे अँकर टॅगच वापरा, बटण टॅग नको, तो काहीतरी कृती करायला असतो.

दुसऱ्यांना द्यायच्या ८८ बाय ३१ मध्ये मात्र अक्षरं चित्रातच लागणार, तिथे पिक्सेलवाली ताई सांगतात तेच बरोबर. फक्त ऑल्टमध्ये साइटचं नाव नीट लिहा, "निळं बटण" किंवा "लोगो" असं नको. आणि पानाच्या सुरुवातीला एचटीएमएल टॅगमध्ये लँग एमआर लिहायचं विसरू नका, नाहीतर वाचणारा आवाज मराठी इंग्रजीच्या उच्चारानं वाचायला बघतो.

हलणारं बटण करणार असाल तर लुकलुक जपून. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकणारं काही नको, काही लोकांना त्यानं झटका येऊ शकतो. बऱ्याच जणांना हलणाऱ्या गोष्टींनी गरगरतं, ते मोबाइलमध्ये हालचाल कमी ठेवा असं सेटिंग करून ठेवतात. त्यांच्यासाठी पिक्चर टॅग आहे: आत सोर्समध्ये मीडिया म्हणून प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशन ला नो-प्रेफरन्स लिहून हलणारं गिफ द्यायचं, आणि खालच्या साध्या इमेज टॅगमध्ये स्थिर पीएनजी. ज्यांनी सेटिंग केलंय त्यांना आपोआप स्थिर दिसतं.

---

पिक्सेलवाली (रत्नागिरी)

हे आतल्या बटणांचं मला पटलं. मी गिरवण्याचं सांगितलं ते बाहेर द्यायच्या बटणासाठी ठेव, आतल्यांना खरी अक्षरं. गिरवायची हौस असेल तर एक रापणचं गिरव, ते मथळ्याला वापर, ऑल्टसकट.

गिफ की पीएनजी राहिलं होतं. स्थिर असेल तर पीएनजी, डोळे मिटून. गिफमध्ये एका चित्राला जास्तीत जास्त २५६ रंग, तेवढे तुला लागतच नाहीत, १६ पण खूप झाले, पण खरी अडचण पारदर्शकतेची आहे. गिफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण दिसतो नाहीतर अजिबात नाही, अर्धवट नसतं. त्यामुळे मऊ सावली दिलीस आणि गिफ केलंस की गडद पानावर भोवती पांढरी किनार येते. पीएनजीत ते होत नाही. हलवायचं असेल तर गिफ, १९८९ च्या सुधारणेपासून त्यात फ्रेमना वेळ देता येतो, सेकंदाच्या शंभराव्या भागात. फार कमी वेळ टाकलास, शून्य किंवा एक, तर ब्राउझर तो धरतच नाहीत, दहा धरतात, म्हणून पिस्केलमध्ये एक वेग दिसतो आणि पानावर हळू चालतं असं झालं तर घाबरू नकोस. बांगड्याची शेपूट दोन फ्रेममध्ये हलव, एका फ्रेमला अर्धा सेकंद, एवढंच. लाटा, चमक, सरकती अक्षरं सगळं एकदम घातलंस तर मासा दिसायचाच नाही.

रंग कमी केले की फाइल एक-दोन केबीत बसते, आणि पावसात आपल्याकडे नेट जसं चालतं त्यात याचा खरंच उपयोग होतो, बाकी पान यायच्या आधी बटणं आलेली असतात. रुंदी-उंची इमेज टॅगमध्ये लिहून ठेव म्हणजे चित्र यायच्या आधी जागा धरली जाते आणि पान उड्या मारत नाही.

मोबाइलवर धूसर का दिसतं: मोबाइलचा पडदा दाट असतो, तुझा एक पिक्सेल तो तीन-तीन पिक्सेलमध्ये पसरतो आणि पसरताना कडा मऊ करतो. सीएसएसमध्ये इमेज-रेंडरिंग ला पिक्सेलेटेड लिहिलंस की कडा टोकदार राहतात. पण काही मोबाइलची घनता २.६२५ अशी अपुरी असते, तिथे काही पिक्सेल दोनचे आणि काही तीनचे होतात, आणि तुझा दोन पिक्सेलचा दांडा एका ठिकाणी जाड एका ठिकाणी बारीक दिसतो, देवनागरीत हे फार खटकतं. त्यावर उपाय, पूर्ण झालेलं बटण चौपट कर, ३५२ बाय १२४, गिम्पमध्ये स्केल करताना इंटरपोलेशन नन ठेवून, आणि पानावर दाखवताना रुंदी ८८ उंची ३१ च लिही, अशा वेळी पिक्सेलेटेड काढून टाक. फाइल फारशी वाढत नाही कारण सारखेच पिक्सेल शेजारी शेजारी असतात आणि पीएनजी ते छान दाबतं. हे फक्त तुझ्या साइटवर. दुसऱ्यांना देताना मूळ ८८ बाय ३१ चीच फाइल दे.

---

रापणकाठ (मालवण)

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. पिस्केलमध्ये बसलो आणि बांगडा झाला, डोळ्यात पांढरा पिक्सेल टाकल्याबरोबर आई मागून म्हणाली "ह्यो बांगडो", तिला न सांगता. पाठीवर ठिपके आडवेच आहेत, वेंगुर्लेकर काळजी नसावी. शेपटीकडचे पर तीनच बसले.

आतल्या बटणांना बॉर्डर-इमेज केलं, चौकट नऊ पिक्सेलची एवढीशी काढली आणि सातही विभागांना तीच. चितारआळी, जमिनीचे रंग वेगळे दिले आणि काळं-पांढरं करून बघितलं, त्यात मोरीची जमीन आणि मोरी एकच झाली होती, म्हणून जमीन फिकट पिवळी केली. दादा, मावशींना साइट तयार झाली की नक्की पाठवतो, ऐकून काय अडतंय ते सांगायला सांगा, मला त्यांचंच मत पाहिजे.

आता बाहेर द्यायच्या बटणावर "रापणकाठ" गिरवतोय. ठ चं पोट गोल आहे ते ११ पिक्सेलमध्ये चौकोनी दिसतंय, काय करू? आणि लोकांनी हे लावायचं कसं, माझ्या साइटवरच्या चित्राचा पत्ता द्यायचा की फाइल?

---

पिक्सेलवाली (रत्नागिरी)

ठ: कोपऱ्याचा पिक्सेल काढून टाक, चारही कोपऱ्यांचा. ७ बाय ७ चा गोल घे, वरची आणि खालची ओळ तीन पिक्सेलची, त्याच्या शेजारची ओळ दोन्ही टोकांना एकेक पिक्सेल, मग मधल्या तीन ओळी कडेला. वरून शिरोरेषेपर्यंत छोटा दांडा, दोन पिक्सेल उंच. तरी टोकदार वाटलं तर त्या काढलेल्या कोपऱ्यात अक्षराचा रंग आणि जमिनीचा रंग यांच्या मधला एक रंग टाक, एकच पिक्सेल, जास्त नको. रापणकाठ मध्ये पण वर-खाली काही नाहीये, तेव्हा ११ वर कशाला थांबलास, अंग १५ कर आणि ठ चा गोल ९ बाय ९ चा घे, आपोआप गोल दिसेल. पाच अक्षरं आणि दोन काने आहेत म्हणजे रुंदीला ५५ च्या आसपास लागतील, बांगड्याला २६ राहतात, त्याला थोडा आखूड कर किंवा शेपटीचं टोक चौकटीच्या बाहेर कापलं जाऊ दे, तसं छान दिसतं.

लावायचं कसं: फाइल द्यायची, आणि खाली स्पष्ट लिहायचं की उतरवून स्वतःच्या साइटवर चढवा. दुसऱ्याच्या पत्त्यावरून चित्र ओढलं की त्याच्या पानावर येणाऱ्या प्रत्येकाचं ओझं तुझ्या जागेवर पडतं, आणि तू उद्या फोल्डर बदललंस की त्यांच्या पानावर मोडकी चौकट दिसते. सोबत एका चौकोनात तयार एचटीएमएल ठेव, ज्यात तुझ्या साइटचा दुवा, रुंदी, उंची आणि मराठीत ऑल्ट सगळं भरलेलं असेल, म्हणजे लोक तेच उचलतात आणि ऑल्ट कोणी विसरत नाही. फाइलचं नाव इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. मराठी नाव चालतं, पण पत्त्यात टक्क्यांची लांबलचक माळ होते आणि लोक कॉपी करताना अर्धी सोडतात.

---

वेंगुर्लेकर

आई म्हणाली म्हणजे पास. तीन पर चालतील. इसवण झाली की इथे टाक, उभे पट्टे बघायचेत, आणि तिसऱ्यांचा विभाग काढच, खाडीतल्या आणि समुद्रातल्या वेगळ्या असतात त्यावर लिहायला मी देतो तुला मजकूर.